इन्सलूब्रिया हा कुठला रोग?

प्रश्न: आमचे आजोबा वेंगुर्ल्यात एका डॉक्टरांकडे कंपाउंडर होते. परवा माळा साफ करताना त्यांची वही सापडली, त्यात इंग्रजी अक्षरांत ‘इन्सलूब्रिया फुगे’ असं दोनदा लिहिलंय. मलेरिया, डिप्थेरियासारखा हा पण कुठला रोग का? आणि फुगे म्हणजे पोट फुगतं की काय? घरात सगळे हसतायत, तुम्ही तरी सांगा.

उत्तर: हसू मलाही आलं, पण तुमची काही चूक नाही, शेवटी ‘इया’ दिसलं की आपल्याला आधी तापच आठवतो. तर हा रोग नाही. लॅटिनमधे सलूस म्हणजे आरोग्य, त्यावरून सलूब्रिस म्हणजे तब्येतीला मानवणारं, आणि पुढे नकाराचा ‘इन्’ लावला की न मानवणारं. हा ‘इन्’ आणि आपल्या ‘अपथ्य’मधला ‘अ’ मुळात एकच बरं का. आणि सलूस ज्या मुळातून आला त्याच मुळातून संस्कृतातला ‘सर्व’ आलाय, मूळ अर्थ अख्खं, धड, म्हणजे आपण धडधाकट म्हणतो ना त्यातलाच प्रकार.

आता घोळ कुठे होतो, तर मलेरिया हे इटालियन ‘माला आरिया’, खराब हवा, ते स्त्रीलिंगी एकवचन. इन्सलूब्रिया मात्र नपुंसकलिंगी अनेकवचन, एकच गोष्ट असेल तर इन्सलूब्रे. बॅक्टेरिया पण असंच अनेकवचन, एकटा असला की बॅक्टेरियम. आणि हे खरं तर नुसतं विशेषण आहे, ‘गोष्टी’ हा शब्द वेगळा लिहायची गरजच नाही, आपण नाही का ‘आंबट खाऊ नको’ म्हणतो, आंबट काय ते कोण विचारत नाही.

कर्ता असो की कर्म, रूप तेच राहतं, संस्कृतात प्रथमेत फलानि आणि द्वितीयेतही फलानि तसं. म्हणून क्रियापद बघायचं. ‘इन्सलूब्रिया नोकेंत’ म्हटलं तर ह्या गोष्टी बाधतात, तिथे तो कर्ता. तुमच्या वहीतलं ‘फुगे’ म्हणजे ‘लांब पळ’, एकालाच केलेली आज्ञा (चारचौघांना सांगायचं तर ‘फुगिते’), त्यामुळे इथे कर्म. अपथ्यापासून लांब रहा, एवढंच.

पण मला विचाराल तर ‘अपथ्य’ जरा पुस्तकी होतं. ताप उतरला की आमची आजी दारातूनच ओरडायची, गरे नको, काजूची बोंडा नको, सुको बांगडो तर बघूचो पण नाय, अरबटचरबट काय्येक खाव नको! ते अरबटचरबट म्हणजेच इन्सलूब्रिया. वहीत त्या ओळीशेजारी पेशंटचा आजार लिहिलेला असला तर जरूर कळवा.