जाड तार की लांब स्केल?

प्रश्न : माझ्या लेस पॉल घाटाच्या गिटारवर १०-४६चा सेट (इंचाच्या हजारांश भागांत सर्वांत बारीक आणि सर्वांत जाड तारेची जाडी) आहे. ड्रॉप सीमध्ये, म्हणजे सहावी तार नेहमीच्या ई सुरावरून खाली सी सुरावर उतरवून लावली की सहावी तार गढूळ वाजते. मित्राची २५.५ इंची स्केलची (स्केल म्हणजे तारेची वाजती लांबी) गिटार त्याच ट्यूनिंगला जास्त स्वच्छ ऐकू येते. पिकअप (तारेचं कंपन टिपणारं चुंबकी यंत्र) बदलू का?

उत्तर : पिकअपला आत्ताच हात लावू नका. तुमची स्केल साधारण २४.७५ इंच आहे. तार आणि सूर तेच ठेवले, तर ताण लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. म्हणून मित्राच्या तारेवर सुमारे ६ टक्के ताण जास्त. खरा घोळ ट्यूनिंगचा आहे. ४६ची तार तुमच्या गिटारवर ईला सुमारे साडेसात किलो ताणाने बसते, सीला जेमतेम पावणेपाच. सैल तारेला जोरात पिक मारला की सूर क्षणभर वर चढतो, तार फ्रेटवर (मानेवरच्या धातूच्या पट्ट्यांवर) खडखडते. डिस्टॉर्शनमध्ये (मुद्दाम फाटक्या केलेल्या आवाजात) हाच गढूळपणा.

सहावी तार ५६ची लावा. ताण सात किलोच्या आसपास येईल. नटची (मानेच्या टोकाला तारा टेकतात त्या पट्टीची) खाच मात्र रुंद करून घ्याच, नाहीतर तार अडकून सूर टिकणार नाही. मग ट्रस रॉड (मानेचा बाक सांभाळणारी आतली सळई) तपासा, आणि बाराव्या फ्रेटवर दाबलेला सूर चढा आला तर सॅडल (ब्रिजवरचा तारेचा टेकू) मागे घ्या.

आणखी जाड तारेचा मोह टाळा. आखूड स्केलवर तिचा ताठरपणा वाढतो, वरचे स्वरांश (मूळ सुरासोबत वाजणारे उंच सूर) चढे होतात आणि आवाज पुन्हा बोथट. सीच्याही खाली बीपर्यंत उतरायचं असेल, तर २७ इंची बॅरिटोनच (खालच्या सुरांसाठीची लांब स्केलची गिटार) बघा. मान्य, खर्चिक आहे. पण जुन्या गिटारची स्केल ब्रिज सरकवून वाढत नाही, फ्रेटच्या जागाच चुकतात.