‘कार्ड’ शिकायचं, पण गॅस सोडून नाही

सातपूरहून एका आईचं पत्र आलंय. मुलगा दहावी झाला, सुट्टीत मामाच्या फ्रिज दुरुस्तीच्या दुकानात बसत होता. आता म्हणतो, "आयटीआयची दोन वर्षं कशाला? तीन महिन्यांचा पीसीबी (फ्रिजमधलं इलेक्ट्रॉनिक सर्किटचं बोर्ड, म्हणजेच ‘कार्ड’) रिपेअरिंगचा क्लास लावतो. हल्ली सगळा खेळ कार्डाचाच आहे." आई विचारते, त्याचं ऐकू का, आणि कार्डाला टाके घालायचं सोल्डरिंग स्टेशन घेऊन देऊ का?

ताई, मुलाचं निम्मं बरोबर आहे. इन्व्हर्टर फ्रिजमध्ये कॉम्प्रेसर किती वेगाने फिरवायचा, पंखा कधी लावायचा, डीफ्रॉस्टचा, म्हणजे साचलेला बर्फ वितळवणारा, हीटर कधी चालू करायचा, हे सगळं कार्डच ठरवतं. पण ते ठरवतं सेन्सरच्या भरवशावर, आणि गफलत बरेचदा तिथेच असते.

माझ्याच घरचं सांगतो. फ्रीझरमध्ये बर्फ होत होता, खाली मात्र दूध नासायचं. पहिला मेकॅनिक म्हणाला गॅस गेला, दुसरा म्हणाला कार्ड गेलं. तिसऱ्याने फ्रीझरचं मागचं पॅनल उघडलं, तर थंडावा देणाऱ्या नळीवर, म्हणजे कॉइलवर, बर्फाचा पांढराशुभ्र थर! थंड हवा खाली उतरायला वाटच नव्हती. त्याने डीफ्रॉस्टचा सेन्सर सोडवून बर्फाच्या पाण्यात बुडवला आणि मल्टिमीटर (विजेचा दाब, रोध मोजायचं यंत्र) लावला. २५ अंशांना १० किलोओहम रोध दाखवणारा असा सेन्सर बर्फात तिपटीच्या आसपास जायला हवा. काटा ढिम्म, म्हणजे कार्डाला थंडी कळतच नव्हती. काम सेन्सर बदलूनच झालं.

हा तिसरा माणूस गॅसचं चक्रही ओळखत होता आणि मीटरही. म्हणून आयटीआयचा रेफ्रिजरेशन अँड एअर कंडिशनिंग टेक्निशियन हा दोन वर्षांचा ट्रेड पहिल्या पसंतीला टाका, इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिक दुसऱ्या. अर्ज राज्याच्या ऑनलाइन प्रवेशातूनच भरायचा. पुढे डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाची वाटही उघडी राहते, आणि पिंपळगाव, दिंडोरीकडची द्राक्षांची कोल्ड स्टोरेजं आहेतच. तीन महिन्यांचा क्लास नंतर लावा, तेव्हा तो दुप्पट कळेल.

एक गोष्ट मामांना आजच सांगा. इन्व्हर्टर कार्डावरच्या मोठ्या कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यावरही ३०० व्होल्टच्या आसपास दाब राहू शकतो. शिवाय नव्या फ्रिजमधला आर-६००ए गॅस पेट घेतो. त्याच्या जवळ ब्रेझिंगचा (नळ्या जोडायचा, ज्वाळेचा) टॉर्च पोराच्या हाती एकट्याने देऊ नका.

सोल्डरिंग स्टेशनचं विचारलंत, ते आत्ता नको. साधा मल्टिमीटर घेऊन द्या.