आमदारांचं पत्र नको, प्रश्न मागा

समोर पत्रांचा गठ्ठा आहे. गाव बदलतं, अपंगत्वाचा प्रकार बदलतो, वाक्य मात्र तेच: “आमदारसाहेबांचं पत्र घेतलं, तरी काम झालं नाही.” कोल्हापुरात वकिली करताना दिव्यांगांच्या प्रकरणांत मी हे इतक्यांदा ऐकलं आहे, की यावेळचे बहुतेक प्रश्न त्याच्याच अवतीभवतीचे निवडले. नावं गाळली आहेत.

सीपीआरमध्ये (कोल्हापूरच्या सरकारी रुग्णालयात) दिव्यांग दाखल्याच्या तपासणीची तारीख लवकर मिळावी म्हणून आमदारांचं पत्र लागतं का? (कागल)

नाही. स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करा, पोच जपून ठेवा आणि दिलेल्या तारखेला मूळ कागद घेऊन हजर राहा.

मला ऐकायला कमी येतं. आठ महिन्यांपूर्वी तपासणीत ३५ टक्के आले. ओळखीचा एक एजंट म्हणतो, आठ हजार दिले तर चाळीसच्या वर करून देतो. द्यावेत का? (गडहिंग्लज)

देऊ नका, आणि त्या माणसाला पुन्हा दारात उभं करू नका. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ च्या कलम ९१ प्रमाणे दिव्यांगांसाठीचा लाभ लबाडीने घेतला, किंवा घ्यायचा नुसता प्रयत्न केला, तरी दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. दाखल्यावर नाव तुमचं असतं. चौकशी लागली की एजंटचा फोन बंद होतो आणि चकरा तुम्हाला माराव्या लागतात. असे दोन तरुण माझ्याकडे येऊन गेले आहेत. त्यांच्या आयांचे चेहरे मला अजून आठवतात.

३५ टक्क्यांचा दाखला म्हणजे रद्दी नव्हे. आरक्षणाला ४० टक्के लागतात, हे खरं. पण भेदभावापासून संरक्षण आणि गरजेप्रमाणे वाजवी सोय मागण्याचा हक्क ४० टक्क्यांशी बांधलेला नाही. विकास कुमार विरुद्ध केंद्रीय लोकसेवा आयोग या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ११ फेब्रुवारी २०२१ रोजी हेच सांगितलं. परीक्षेला लेखनिक मागणाऱ्या त्या उमेदवाराला, टक्केवारीची अट बाजूला ठेवून, लेखनिक मिळाला.

मोजमाप चुकलं असं खरोखर वाटत असेल तर कलम ५९ खाली अपील आहे. पण आठ महिने काय केलंत? दाखला हातात पडला त्याच आठवड्यात अपिलाची चौकशी करायला हवी होती. आता आधी कान-नाक-घसा तज्ज्ञाकडून नवीन ऑडिओग्राम काढा. त्यातही ३५ च्या आसपास आलं तर अपिलात पैसे घालू नका. फरक मोठा असेल तर दोन्ही अहवाल घेऊन या विषयातल्या वकिलाला भेटा.

व्हॉट्सॲपवर आलंय की दिव्यांगांची पेन्शन सहा हजार झाली. आमच्या खात्यावर का नाही? (शाहूवाडी)

झालेली नाही. सहा हजार ही मागणी होती. अचलपूरचे माजी आमदार बच्चू कडू यांनी जून २०२५ मध्ये मोझरीला अन्नत्याग केला, तेव्हा शेतकऱ्यांच्या कर्जमाफीबरोबर त्यांनी ती लावून धरली होती. सरकारने सप्टेंबर २०२५ मध्ये निर्णय घेतला तो संजय गांधी निराधार आणि श्रावणबाळ योजनेतल्या दिव्यांगांचे दरमहा १,५०० रुपये २,५०० करण्याचा, ऑक्टोबरपासून. मागणी म्हणजे निर्णय नव्हे. निर्णय झाल्यावरही शासन निर्णयाचा कागद निघावा लागतो, मग पैसे येतात. वाढीव रक्कम येत नसेल तर आधार आणि बँक खात्याची जोडणी तपासा आणि तहसील कार्यालयातल्या संजय गांधी शाखेत लेखी विचारा. तो मेसेज पुढे पाठवू नका.

आमच्या ग्रामपंचायतीत दिव्यांगांच्या ५ टक्के निधीतून तीन वर्षांत एकदाच, मार्चमध्ये, सगळ्यांना एकसारख्या खुर्च्या वाटल्या. सरपंच म्हणतात पैसेच नाहीत. आमदारांकडे गेलो तर त्यांनी सरपंचांना फोन केला, पुढे काही नाही. आता काय करावं? शिवाय कायदा दिल्लीचा, मग आमदार करणार तरी काय? (हातकणंगले तालुका)

याचं उत्तर लांबणार आहे, कारण या एका गोष्टीने माझी झोप उडते.

शेवटच्या शंकेपासून सुरू करते. २०१६ चा कायदा संसदेचा आहे. भारताने २००७ मध्ये संयुक्त राष्ट्रांचा दिव्यांग हक्क करार मान्य केला, त्यातून तो आला. पण राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीतली राज्यसूची काढा. तिच्यातली नववी नोंद दिव्यांगांना साहाय्य हीच आहे. तुमची पेन्शन, एसटीची सवलत, स्थानिक संस्थांचा निधी हे सगळं मुंबईत ठरतं. २०२२ च्या डिसेंबरात महाराष्ट्राने दिव्यांग कल्याणाचा स्वतंत्र विभाग काढला. म्हणजे विधानभवनात उत्तर द्यायला एक मंत्री बांधील आहे. आता ‘दिल्लीचा कायदा’ ही सबब कुणी सांगितली तर ऐकून घेऊ नका.

आता निधी. ग्रामपंचायत असो, जिल्हा परिषद असो की महानगरपालिका, स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे, असा राज्य शासनाचा आदेश आहे. पूर्वी हे प्रमाण ३ टक्के होतं. स्वतःचं उत्पन्न म्हणजे घरपट्टी, बाजार, गाळ्यांचं भाडं अशी जमा. वरून आलेलं अनुदान नव्हे. त्यामुळे रक्कम लहान असू शकते. पण घरपट्टी जमा होते आणि पैसे मात्र नाहीत, हे एकाच दमात खरं असू शकत नाही. मार्चअखेर आला की घाईत एकाच दुकानातून पन्नास खुर्च्या उचलायच्या, फोटो काढायचा आणि रजिस्टरवर अंगठे घ्यायचे, हा प्रकार मी बऱ्याच गावांत पाहिला आहे. दृष्टिहीन मुलीला पांढरी काठी आणि बोलणारा फोन हवा असतो. पोलिओ झालेल्या शेतकऱ्याला कॅलिपर दुरुस्त करून हवा असतो. दोघांनाही तीच प्लास्टिकची खुर्ची! गरज न विचारता केलेल्या खरेदीत फायदा दुकानदाराचाच होतो.

आमदारांनी सरपंचांना फोन केला, तो तुम्हाला बरं वाटावं म्हणून. त्याची कुठे नोंद नाही, त्याला तारीख नाही. आमदारांचं खरं हत्यार सभागृहात आहे. तारांकित प्रश्नाला मंत्र्यांना उभं राहून उत्तर द्यावं लागतं आणि त्यावर उपप्रश्न विचारता येतात. अतारांकित प्रश्नाचं उत्तर लेखी येतं. लक्षवेधी सूचना आहे, अर्थसंकल्पी मागण्यांवर कपात सूचना आहे. आणि मंत्री सभागृहात “चौकशी करू, कार्यवाही करू” म्हणाले की ते आश्वासन ठरतं. ते पाळलं की नाही हे पाहायला विधिमंडळाची आश्वासन समिती असते. हा शेवटचा टप्पा लोकांना माहीतच नसतो, म्हणून दिलेली आश्वासनं फायलींत पडून राहतात.

पण आमदारांच्या हातात कागद कोण देणार? तुम्ही. गावच्या जनमाहिती अधिकाऱ्यांकडे माहिती अधिकारात अर्ज करा, शुल्क दहा रुपये. गेल्या तीन वर्षांचं स्वउत्पन्न, त्यातले ५ टक्के किती, प्रत्यक्ष खर्च किती आणि कशावर, एवढंच मागा. लाभार्थ्यांची नावं मागू नका. त्यांच्या खासगीपणाचाही प्रश्न आहे आणि नकाराला निमित्तही मिळतं. तीस दिवसांत उत्तर नाही आलं तर त्यापुढच्या तीस दिवसांत पहिलं अपील. इथेच लोक ढिले पडतात, मग मुदत गेल्यावर माझ्याकडे येतात.

उत्तर मिळालं की एका पानावर मांडा: गाव, वर्ष, आकडे, नेमकी मागणी. शेजारच्या चार गावांतल्या दिव्यांगांना सोबत घ्या, कारण एका गावच्या खुर्च्यांवर तारांकित प्रश्न टिकत नाही, तालुक्याच्या आकड्यांवर टिकतो. अधिवेशन सुरू झाल्यावर जाऊ नका; प्रश्नांच्या सूचना कितीतरी आधी द्याव्या लागतात. आणि “पत्र द्या” म्हणू नका. “प्रश्न विचारा आणि क्रमांक आम्हाला कळवा” म्हणा. विधानसभेत जिल्ह्याचे दहा आमदार आहेत, विधान परिषदेत पुणे विभागाचे पदवीधर आणि शिक्षक आमदार आहेत. एकाने टाळलं तर दुसऱ्याकडे जा. हे चालू असताना गटविकास अधिकाऱ्यांकडे लेखी तक्रारही द्या, आणि मसुदा जाणकाराला दाखवल्याशिवाय देऊ नका.

मालक सरकारी खात्यात ड्रायव्हर आहेत. अपघातात पाय गेला. साहेब म्हणतात, राजीनामा द्या, नंतर बघू. काय करू? (राजारामपुरी)

ताई, कशावरही सही करू देऊ नका. सेवेत असताना अपंगत्व आलं म्हणून सरकारी आस्थापनेला कर्मचाऱ्याला काढता येत नाही, पदावनतही करता येत नाही. २०१६ च्या कायद्याच्या कलम २० मध्ये ते स्पष्ट लिहिलं आहे. तेच काम जमत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत दुसरं काम द्यायचं. जागा नसेल तर अधिसंख्य, म्हणजे मंजूर जागांपेक्षा जादा, पदावर ठेवायचं. ‘नंतर बघू’ला काडीचा अर्थ नाही. याच आठवड्यात नेमणुकीचे आणि दवाखान्याचे कागद घेऊन वकिलाकडे जा.

मुलगी १९ वर्षांची, बौद्धिक दिव्यांग. बँक पालकत्वाचा कागद मागते. एक जण म्हणतो, पाचशेच्या स्टॅम्पवर नोटरी केली की झालं. (इचलकरंजी)

होत नाही. तो माणूस तुम्हाला स्टॅम्प विकतो आहे. मूल अठरा वर्षांचं झालं की आईवडील कायद्याने आपोआप पालक राहत नाहीत. राष्ट्रीय न्यास अधिनियम १९९९ खाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची स्थानिक स्तर समिती पालक नेमते. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक आणि बहुदिव्यांगत्व यांना तो कायदा लागू आहे. अर्ज तिथे करा. मालमत्ता मुलीच्या नावावर असेल तर आधी सल्ला घ्या.

दाखल्यासाठी सरकारी कार्यालयाच्या दुसऱ्या मजल्यावर जायचं, लिफ्ट बंद. मी व्हीलचेअरवर. शिपाई म्हणतो, कुणाला तरी पाठवा. (कोल्हापूर शहर)

जुन्या सार्वजनिक इमारती २०१६ च्या कायद्याचे नियम निघाल्यापासून पाच वर्षांत सुगम, म्हणजे दिव्यांगांना वावरता येतील अशा, करायच्या होत्या. नियम जून २०१७ चे, म्हणजे मुदत २०२२ मध्येच संपली. त्यानंतर राजीव रतुरी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सांगितलं, की सुगम्यतेची मानकं नुसती शिफारस म्हणून ठेवता येणार नाहीत, किमान मानकं बंधनकारक हवीत. ज्या शहरात नसीमा हुरजूक यांनी १९८४ मध्ये हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड ही संस्था उभी केली, तिथे आजही “कुणाला तरी पाठवा” ऐकावं लागतं, याचा मला मनापासून संताप येतो. रॅम्प केला तरी घसरगुंडीसारखा. एक फूट उंचीला किमान बारा फूट लांबी, हा साधा हिशेब आहे.

त्या कार्यालयाच्या प्रमुखांना लेखी द्या. पोच घ्या, बंद लिफ्टचा तारखेसह फोटो जोडा. दाद मिळाली नाही तर पुण्याला दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे तक्रार. साक्षीदार आणि कागद बोलावण्याचे दिवाणी न्यायालयाचे अधिकार त्यांना आहेत. ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरातच बसतं, पण थेट तिकडे धावू नका. आधीच्या पायऱ्यांचे कागद नसतील तर पहिला प्रश्न तोच विचारला जातो.

एसटीत सोबत्याला सवलत असते का? (चंदगड)

असते. तुम्हाला साध्या बसला ७५ टक्के. अपंगत्व ६५ टक्के किंवा जास्त असेल तर सोबत्याला ५० टक्के. मूळ यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र) जवळ ठेवा. वाहकाने नाकारलं तर भांडू नका, पूर्ण तिकीट घ्या आणि ते जोडून आगारप्रमुखांकडे तक्रार द्या.