जॅकवेलला खारे पाणी कधी लागेल?

प्रश्न : आमचे गाव चिपळूणच्या खालच्या अंगाला वाशिष्ठीकाठी आहे. एप्रिल-मे महिन्यांत, विशेषतः अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास, जॅकवेलमधून (नदीकाठच्या पाणी उपसण्याच्या विहिरीतून) नळाला मचूळ पाणी येते. त्रिभुज प्रदेशांत पाण्याचा दर्जा संगणकावर आधी काढता येतो, असे वाचले. आमच्याकडे ते जमेल का?

उत्तर : जमेल, पण संगणकाच्या आधी तुम्हाला नोंदवही लागेल.

आपण वाचले ते बहुधा कॅलिफोर्नियातील सॅक्रामेंटो व सॅन होआकिन नद्यांच्या त्रिभुज प्रदेशाविषयी असावे. तेथील जलसंपदा विभाग ‘डीएसएम-२’ हे प्रारूप (संगणकावर नदीचा हिशेब मांडणारे मॉडेल) वापरतो. त्यात प्रवाहांचे तुकडे पाडून प्रत्येक तुकड्यात पाणी किती आले-गेले हे आधी काढतात आणि मग त्या पाण्याबरोबर क्षार कुठवर सरकले याचा हिशेब करतात. तिथे प्रवाहांचे जाळे आहे. आपल्या नद्या खाडीवाटे समुद्राला मिळतात, त्यामुळे आपला हिशेब तुलनेने सोपा आहे.

त्यासाठी नदीचे आडवे छेद, दाभोळच्या मुखाशी भरती-ओहोटीची पातळी आणि वरून येणारे पाणी एवढे तरी माहीत हवे. यांतील शेवटची गोष्ट वाशिष्ठीत निराळी आहे. कोयनेच्या वीजगृहांतून सुटणारे पाणी या नदीत येत असल्याने उन्हाळ्यातील तिचा प्रवाह पावसावर नव्हे, तर वीजनिर्मितीवर ठरतो. विसर्ग घटला आणि त्याच वेळी उधाणाची (अमावास्या-पौर्णिमेची मोठी) भरती आली, की खारे पाणी वर चढते. म्हणून विसर्गाच्या तासवार नोंदी नसलेले प्रारूप, त्याची चित्रे कितीही देखणी असली तरी, तुमच्या गावाने स्वीकारू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

चूक किती महाग पडते, पाहा. पिण्याच्या पाण्यात क्लोराइडची स्वीकारार्ह मर्यादा लिटरला २५० मिलिग्रॅम, तर समुद्राच्या पाण्यात ते सुमारे १९,००० मिलिग्रॅम असते. म्हणजे शंभर लिटर गोड्या पाण्यात सुमारे १.३ लिटर समुद्र मिसळला, तरी ती मर्यादा गाठली जाते. (टीसीएल म्हणजे जंतुनाशक पावडर वाढवून किंवा पाणी उकळून हे क्षार जात नाहीत.)

तेव्हा विद्युतवाहकता (पाण्यात क्षार वाढले की ही वाढते) मोजणारे साधे यंत्र घ्यावे आणि जॅकवेलपाशी भरतीला व ओहोटीला, उधाणात व भांगात (अष्टमीच्या सुमारास भरती लहान असते तेव्हा), मोजणी सुरू करावी. खारे पाणी जड असल्याने तळाने शिरते. वरचा तांब्याभर नमुना गोड लागला, तरी तळाशी बुडवलेल्या बाटलीत खारेपण सापडू शकते, म्हणून दोन्ही ठिकाणचे आकडे तिथी व वेळेसह लिहावेत. यांपैकी एका मे महिन्याच्या नोंदी प्रारूप जुळवणाऱ्यास मुळीच देऊ नयेत. त्याने वर्तवलेले आकडे त्यांच्याशी जुळले, तरच त्यावरून पंप कोणत्या तासांत चालवायचा हे ठरवावे.