टीबीच्या जुन्या पोकळीतला फंगल बॉल गोळ्यांनी विरघळतो का?

तुम्ही लिहिलंय की वडिलांना १८ वर्षांपूर्वी टीबी होऊन गेला, आता फुफ्फुसात उरलेल्या त्याच जुन्या पोकळीत सीटी स्कॅनवर फंगल बॉल, म्हणजे अस्परजिलस बुरशीचा गोळा दिसलाय, चार महिने इट्राकोनॅझोल हे बुरशीवरचं औषध चालू आहे आणि गोळा मात्र होता तेवढाच आहे. बुरशीच्या बायोफिल्मवर, म्हणजे तिच्या धाग्यांच्या चिकट थरावर, औषध चालतच नाही असं कुठेतरी वाचून तुम्ही गोळ्या थांबवायच्या विचारात आहात. कृपा करून परस्पर थांबवू नका. मी डॉक्टर नाही, सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत काम करतो आणि ही अस्परजिलस बुरशी बरीच वर्षं हाताळतोय, म्हणून लिहितो.

तुम्ही वाचलंत ते खोटं नाही. आमच्याकडे ९६ खळग्यांची प्लास्टिकची प्लेट असते. खळग्यांत बीजाणू सोडून ३७ अंशांवर ठेवले की आठ-दहा तासांत धागे फुटतात आणि २४ तासांनी तळाला पांढरट, जाड थर बसतो. पिपेटचं टोक लावून ओढलं तर धागे सुटे निघत नाहीत, अख्खा थर सायीसारखा उचलून येतो. साखरेच्या लांब साखळ्या, प्रथिनं आणि मेलेल्या पेशींतून सांडलेला डीएनए यांचं चिकट लिंपण बुरशीनेच धाग्यांभोवती केलेलं असतं. धागे कोवळे असताना व्होरिकोनॅझोल (इट्राकोनॅझोलच्याच गटातलं औषध) घातलं तर वाढ खुंटते. थर पक्का झाल्यावर तेच औषध कितीतरी पट जास्त घातलं तरी जिवंत पेशी ओळखायला आम्ही घालतो तो पिवळा रंग नारिंगीकडे वळतो, म्हणजे आत जीव आहे.

दोष एकट्या लिंपणाचा नाही. इट्राकोनॅझोल आणि व्होरिकोनॅझोल बुरशीच्या पेशीपटलाला लागणारं अर्गोस्टेरॉल तयार होऊ देत नाहीत, म्हणजे त्यांचा मारा वाढणाऱ्या पेशीवर बसतो. थराच्या तळाशी ऑक्सिजन कमी, तिथली बुरशी जवळजवळ थांबलेली. २०२० साली अमेरिकेतल्या डार्टमथच्या संशोधकांनी हे ऑक्सिजन मोजूनच दाखवलं. शिवाय पेशीत शिरलेलं औषध बाहेर फेकणारे पंप असतात. कॅस्पोफंजिन हे बुरशीवरचं वेगळ्या गटातलं औषध धाग्यांच्या वाढत्या टोकांवर चालतं, पण अस्परजिलसला ते सहसा रोखतं, मारत नाही. ॲम्फोटेरिसिन बी हे आणखी एक औषध त्या मानाने जोरकस, पण ते शिरेतून द्यावं लागतं आणि मूत्रपिंडांना जड जातं.

एक गोष्ट मात्र लोकांच्या लक्षात येत नाही. थरातली ही बुरशी प्रतिरोधक झालेली असेलच असं नाही. तिचेच बीजाणू काढून नव्याने वाढवले तर बहुतेक वेळा त्याच औषधाने ती मरते. म्हणूनच लॅबच्या रिपोर्टवर 'सेन्सिटिव्ह' (औषध लागू पडतं) लिहिलेलं असतं आणि स्कॅनवर गोळा तसाच दिसतो.

शस्त्रक्रियेत काढलेला असा एक गोळा मी पाहिलाय. तपकिरी, ओल्या पेंडीसारखा भुसभुशीत, कापल्यावर थरावर थर. आत बरेचसे मेलेले धागे आणि वाळलेला कफ. मेलेल्या धाग्यांना औषध आणखी काय करणार? रक्तवाहिन्या पोकळीच्या भिंतीत असतात, गोळ्यात नसतात, त्यामुळे औषध पोचतं ते भिंतीपाशी. त्याचं काम तिथेच आहे: बुरशीला फुफ्फुसात पुढे सरकू न देणं. गोळा विरघळला का, या मापाने औषध मोजलं तर ते नापासच होणार. खोकला, वजन, ताप, थुंकीतलं रक्त आणि भिंतीची जाडी यांवरून मोजा.

चार महिने हा काळही थोडा आहे. फुफ्फुसातल्या जुनाट अस्परजिलोसिसवर, म्हणजे याच बुरशीच्या रेंगाळणाऱ्या आजारावर, किमान सहा महिने इट्राकोनॅझोल देतात. चंदीगडच्या पीजीआय या वैद्यकीय संस्थेने सहा आणि बारा महिन्यांची तुलना करून २०२२ मध्ये निष्कर्ष मांडले. बारा महिने घेतलेल्यांत आजार उलटण्याचं प्रमाण स्पष्टपणे कमी होतं.

गोळ्या घेतात कशा, तेही बघा. साधी इट्राकोनॅझोल कॅप्सूल भरल्या पोटी आणि पोटात आम्ल असतानाच नीट शोषली जाते. वडील सकाळी सवयीने ॲसिडिटीची गोळी घेत असतील तर औषध रक्तात पुरेसं चढतच नसेल. टीबीचं रिफॅम्पिसिन पुन्हा सुरू झालं असेल तर त्याने पातळी पार कोसळते. हृदय कमजोर असेल किंवा कोलेस्टेरॉलची गोळी चालू असेल तर तेही डॉक्टरांच्या कानावर घाला. रक्तातली औषधाची पातळी मोजता येते. पुढच्या भेटीत त्याबद्दल विचारा.

गोळा एकच असेल आणि फुफ्फुसं झेपण्याइतकी चांगली असतील तर शस्त्रक्रियेने तो मुळासकट निघतो, म्हणून छातीच्या सर्जनचं मत आत्ताच घेऊन ठेवा. आणि खोकल्यातून कपभर रक्त पडलं तर सकाळची वाट बघू नका, रात्रीच मोठ्या रुग्णालयात न्या. रक्त येणारी धमनी कॅथेटरने आतून बंद करण्याची सोय तुमच्या जवळ कुठे आहे, ते आजच विचारून ठेवा.