काठ आधी बघ

बाळा,

त्या जुन्या फोटोवरची तुझी दहा पानं वाचली. 'जेरुसलेमच्या जाफा वेशीबाहेर जणू काळच थांबला आहे' या पहिल्याच वाक्याला मी चष्मा काढून ठेवला. शेवटी विचारतोस, 'यातून अर्थ कसा काढू?' अर्थ पळून जात नाही. आधी फोटोचा काठ बघ.

मधोमध काय असावं हे छायाचित्रकार ठरवतो. बैरूतला १८६७ मध्ये बोंफीस (Bonfils) कुटुंबाचा स्टुडिओ सुरू झाला. अशा स्टुडिओंतून प्रवाशांना विकायला असले फोटो ढिगानं निघाले. गिऱ्हाइकाला बायबल हवं, म्हणून मध्ये उंट, मेंढरं, पखालवाला. माणसांना स्तब्ध उभं करायचं. जो हलला तो धुरकट झाला. काठावर मात्र नको असलेलंही शिरतं. तुझ्या फोटोत डावीकडे अर्धं चाक आहे, दिसलं का? घोडागाडीचं. जाफा बंदराहून वर जेरुसलेमला गाड्या येतील असा रस्ता १८६०च्या दशकाच्या अखेरीस झाला. काळ थांबला होता म्हणे!

आता उजवा काठ. वेस आणि शेजारचा किल्ला यांच्यामधला तट सलग आहे. १८९८ मध्ये जर्मनीचा कैसर दुसरा विल्हेल्म येणार म्हणून तो तिथे फोडला, खंदक बुजवला. म्हणजे फोटो त्याआधीचा. दोन काठांनी तुला तीस वर्षांची चौकट दिली. तू मात्र बेधडक 'सुमारे १८७०' लिहून मोकळा! ते कुठल्या काठावर लिहिलंय?

'काळ्या वस्त्रांतल्या शोकाकुल स्त्रिया' हेही खोड. तेव्हा फोटो काचेवर घेत, आणि त्या काचेला निळा रंग उजळ दिसे आणि लाल जवळजवळ काळा. तिथल्या खेड्यांतल्या बायकांच्या झग्यांवर छातीशी लाल रेशमाचा कशिदा असे. तू ज्यांना रडायला बसवलंस, त्या कदाचित नटूनथटून बाजाराला आल्या असतील. आणि तो 'गुलामासारखा वाकलेला' माणूस हमाल आहे. हमाल! शब्दसुद्धा अरबीतूनच आपल्याकडे आला. पुणे स्टेशनवर उतरताना त्याला हाक मारतोस, आणि फोटोत ओळखत नाहीस?

रागावले. पण हे मला तुझ्या वयात कुणी सांगितलं नाही.

सव्वीस वर्षांची होते. एका प्रदर्शनासाठी जुने फोटो चौकटीत बसवायचे होते आणि ते ज्यांवर चिकटवलेले होते ते पुठ्ठे मोठे होते. मी पट्टी ठेवली, कटर फिरवला. बावीस फोटो. पुठ्ठ्यांवर पेन्सिलीत आकडे होते, कुणाचं तरी बारीक अक्षर होतं, एकावर गावाचं नाव असावं. कातरण केराच्या टोपलीत गेलं. प्रदर्शनाची वाहवा झाली. तीन वर्षांनी एक म्हातारे गृहस्थ आले आणि त्यातला एक फोटो बघून म्हणाले, 'याच्याखाली माझ्या आजोबांनी काहीतरी लिहिलं होतं.'

तेव्हा सगळेच कापत असत. चौकटी आधीच करून आल्या होत्या आणि उद्घाटन दुसऱ्या दिवशी होतं. मी एकटी काय करणार होते? हे वाक्य मी अजून स्वतःला ऐकवते, आणि अजून ते मला पटत नाही. म्हणून मी काठ काठ करत असते. लोक कंटाळतात. तूही कंटाळ, पण बघ.

तुझ्याकडचं स्कॅन चारी बाजूंनी कापलेलं आहे. खाली 'Bonfils'सारखं काही दिसण्याआधीच चित्र संपतं... नाही, हे मी नाव घालून बघतेय. खाली काय असेल ते मलाही दिसत नाही. संग्रहालयाला पत्र टाक. पुठ्ठ्यासकट स्कॅन माग, मागची बाजूही. फी मागितली तर मी देते. तोवर दहा पानांतलं एकही पान मला पुन्हा पाठवू नकोस.

रविवारी ये. थालीपीठ करते. भिंग मी काढून ठेवलं आहे.

तुझी,
मावशी