लट्रेल सॉल्टर वाचायचं तर आधी मालक बघ

प्रिय,
अनेक आशीर्वाद.

तुझा मेल मिळाला, प्रबंधासाठी लट्रेल सॉल्टर, म्हणजे इंग्लंडातल्या लट्रेल घराण्यासाठी बनवलेलं बायबलमधल्या स्तोत्रांचं सचित्र हस्तलिखित, घ्यायचं नक्की झालं हे वाचून मनापासून आनंद झाला. स्तोत्रसंहितेच्या इतक्या चित्रमय हस्तलिखितांमधून तू नेमकं हेच निवडलंस, चांगलं केलंस, कारण यावर आयुष्यभर काम केलं तरी पुरून उरेल. पण आराखडा वाचला आणि एक गोष्ट लगेच खटकली. सगळी प्रकरणं चित्रांवर, आणि पुस्तक कोणाकडून कोणाकडे गेलं ते शेवटी परिशिष्टात दोन पानांत उरकलंय. हे पूर्ण उलटं कर असं माझं स्पष्ट म्हणणं आहे. पैसे कोणी मोजले आणि नंतर ते कोणी जपलं हे डोक्यात पक्कं असल्याशिवाय यातलं एकही चित्र नीट वाचता येत नाही.

सुरुवात २०२ व्या पानाच्या मागच्या बाजूपासून कर. सर जेफ्री लट्रेल घोड्यावर बसलेत, पूर्ण चिलखतात, बायको अ‍ॅग्नेस त्यांच्या हातात शिरस्त्राण देतेय आणि मागे सून बीट्रिस ढाल घेऊन उभी आहे. वर लॅटिनमध्ये एक ओळ आहे, लॉर्ड जेफ्री लट्रेल यांनी मला करवून घेतलं, म्हणजे पुस्तकच बोलतंय. आता चेहरे सोड आणि कपडे बघ. जेफ्रींच्या अंगावर, घोड्याच्या झुलीवर, ढालीवर, जिथे जागा मिळेल तिथे निळ्यावर रुपेरी पट्टा आणि छोटे पक्षी, हे लट्रेल घराण्याचं चिन्ह. अ‍ॅग्नेसच्या झग्यावर त्याच्या जोडीला तिच्या माहेरचं सटन घराण्याचं, बीट्रिसच्या झग्यावर स्क्रोपांचं. हे स्क्रोप म्हणजे साधी माणसं नव्हेत, बीट्रिसचे वडील राजाच्या कोर्टाचे चीफ जस्टिस झाले होते, आणि लिंकनशरमधल्या अर्नमच्या जमीनदाराला ही सोयरीक प्रार्थनेच्या पुस्तकात कायमची मांडून ठेवायची होती. काळ ठरवायलाही हीच माणसं उपयोगी पडतात. अ‍ॅग्नेस १३४० मध्ये गेली, जेफ्री १३४५ मध्ये, म्हणून पुस्तक साधारण १३२५ ते १३४० च्या दरम्यानचं धरतात.

आता ती प्रसिद्ध शेतीची चित्रं, १७० व्या पानापासूनची, जी शाळेच्या पुस्तकांत ‘मध्ययुगातला शेतकरी असा राहायचा’ म्हणून छापतात. बैल जुंपलेला नांगर, पेरणी करणारा माणूस आणि त्याच्या पोत्यातून दाणे उचलणारा कावळा, गोफण फिरवून पाखरं हाकणारा माणूस, निंदणी, कापणी. कापणीच्या चित्रात तीन बायका विळे घेऊन आहेत, दोघी वाकलेल्या आणि एक उभी राहून पाठ ताणतेय, कंबर धरलीये बिचारीची. हे ज्याने काढलं त्याने शेतावर उभं राहून बघितलंय याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण म्हणून हे डॉक्युमेंटरी नाही बरं का. १३१५ ते १३१७ मध्ये इंग्लंडात भयंकर दुष्काळ पडला होता, पावसाने पिकं कुजली, माणसं उपाशी मेली, जेफ्री तेव्हा चाळिशीत होते, सगळं डोळ्यांनी बघितलेलं. आणि त्यानंतर काहीच वर्षांनी त्यांच्या पुस्तकात शेत कसं दिसतं? सगळे अंगभर कपड्यांत, कोणी तक्रार करत नाही, धान्य गाडीत भरून चाललंय. अजून काही पानं उलटलीस की स्वयंपाकघर लागतं, मग २०८ व्या पानावर जेफ्री कुटुंबाबरोबर जेवायला बसलेत. धान्य कुठून निघून कुठे पोचलं ते बघ म्हणजे झालं. मालकाला आपली जमीन जशी बघायला आवडली असती तशी ती काढलीये. हा मुद्दा तुझ्या तिसऱ्या प्रकरणात कुठेच नाही, आणि तो असायलाच हवा.

कारागिरीवर लिहिताना तंत्राची यादी करू नकोस, पैशाच्या अंगाने लिही. ३०९ पानं, प्रत्येक पान जनावराच्या कातड्याचं, आधी चुन्याच्या पाण्यात भिजवायचं, चौकटीवर ताणायचं, चंद्रकोरीसारख्या सुरीने खरवडायचं, मग रेघा मारायच्या, मग मजकूर, तोही पिसाच्या लेखणीने आणि इतक्या मोठ्या ताठ अक्षरात की एका पानावर फार थोड्या ओळी मावतात. म्हणजे कातडं मुद्दाम जास्त वापरलंय, आणि हीच श्रीमंती. सोनं रंगाच्या आधी लागतं, कारण वर्ख चिकटवून घासून चकाकी आणताना शेजारचा रंग खराब होईल, म्हणून आधी सोनं आणि मग रंग. असल्या पुस्तकांतला सगळ्यात भारी निळा लाजवर्दापासून व्हायचा, तो दगड थेट अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या खाणीतून व्यापाऱ्यांच्या हातोहात युरोपात पोचायचा. लिहिणारा एकच होता, चित्रं काढणारे मात्र बरेच, आणि एकाचंही नाव आपल्याकडे नाही. मालकाचं नाव सोन्यारुप्यात आणि हातांची नावं गायब, हे एकदा तरी स्पष्टपणे लिही, मला ते वाचायचंय.

यानंतरची गोष्ट तर मला सगळ्यात जवळची वाटते. लट्रेलांनंतर पुस्तक फिट्झॅलन या अरुंडेलच्या अर्ल, म्हणजे सरदार घराण्याकडे दिसतं, मग लॉर्ड विल्यम हॉवर्ड, मग डॉर्सेटमधल्या ललवर्थ कॅसलचे वेल्ड. नावं नुसती ओळीने लिहिलीस तर कंटाळवाणं वाटेल, पण या काळात इंग्लंडात काय चाललं होतं ते शेजारी ठेव. १५३६ ते १५४० मध्ये पोपशी फारकत घेतलेल्या आठव्या हेन्रीने कॅथलिक मठ बंद केले, मठांची ग्रंथालयं उधळली गेली, जुन्या पोथ्यांची पानं बाइंडिंगला आणि सामान गुंडाळायला वापरली. अशा वेळी लॅटिन स्तोत्रांचं हे थोराड पुस्तक टिकलं कसं? विल्यम हॉवर्ड जुनी हस्तलिखितं जमवणारा होता आणि कॅथलिकही, वडिलांचा १५७२ मध्ये शिरच्छेद झालेला, सावत्र भाऊ फिलिप धर्मापायी टॉवर ऑफ लंडनमध्ये १५९५ ला मेला. वेल्डही पक्के कॅथलिक, त्यांनी १७८६ मध्ये ललवर्थच्या आवारात स्वतःचं चॅपल बांधायला घेतलं. माझं ठाम मत आहे की या लोकांसाठी ही नुसती सुंदर वस्तू नव्हती, ज्या धर्मासाठी घरातली माणसं गेली त्याची ही प्रार्थना होती, आणि म्हणून ती घरात राहिली. तू याच्याशी सहमत नसशील तरी चालेल, पण मग दुसरं कारण शोधून मांड.

शेवटचा टप्पा १९२९ चा. हर्बर्ट वेल्ड यांनी जुलैमध्ये लंडनला लिलाव ठरवला, सगळी तयारी झाली, आणि ऐनवेळी वकिलांच्या लक्षात आलं की पुस्तक कायद्याने त्यांचं नाहीच. ते होतं मेरी अँजेला नॉयस यांचं, ज्यांचे पहिले पती वेल्ड घराण्यातले होते आणि दुसरे कवी आल्फ्रेड नॉयस. शेवटी ब्रिटिश म्युझियमने ते ३१,५०० पौंडांना घेतलं, आणि एवढी रक्कम जवळ नव्हती तेव्हा अमेरिकेतले बँकर जे. पी. मॉर्गन यांनी बिनव्याजी उसनी दिली. ते स्वतः हस्तलिखितांचे मोठे संग्राहक, मनात आणलं असतं तर सहज न्यूयॉर्कला नेलं असतं. त्याच वर्षी वेल्डांकडचं बेडफर्ड सॉल्टरही याच मदतीने म्युझियममध्ये आलं, म्हणून दोघांचे संग्रहातले नंबर लागोपाठ आहेत, ४२१३० आणि ४२१३१, आता दोन्ही ब्रिटिश लायब्ररीत. आणि ऑगस्टमध्ये ललवर्थ कॅसल आगीत जळालं. मला हे वाचताना दर वेळी धस्स होतं.

तेव्हा मृत्युपत्रं, वारसाहक्काचे कागद, लिलावाचे कॅटलॉग, हे सगळं तुझं मूळ साहित्य आहे, नुसतं हस्तलिखित नाही. वकिली भाषा रटाळ असते पण बसून वाच. चित्रांसाठी २००६ ची रंगीत प्रतिकृती एखाद्या मोठ्या ग्रंथालयातून मागव, नुसत्या स्क्रीनवर विसंबू नकोस. ऑक्टोबर २०२३ च्या सायबर हल्ल्यात ब्रिटिश लायब्ररीची ऑनलाइन पानं एका झटक्यात बंद पडली होती आणि कित्येकांचं काम अडकलं होतं.

मालकीचं प्रकरण आधी लिही आणि तेच आधी पाठव, कच्चं असलं तरी चालेल. पानांच्या कडेला काढलेल्या विचित्र प्राण्यांवर तुला खूप लिहायचंय हे मला दिसतंय, त्यावर आपण नंतर निवांत बोलू.

तुझी,
मावशी